आपल्या घरातले साचे

साचा म्हणजे पोकळ आकार. त्यात पातळ किंवा मऊ वस्तू घालायची, ती घट्ट होऊ द्यायची आणि बाहेर काढायची. मग तिला साच्याचा आकार येतो. साच्यात जिथे खड्डा असतो तिथे वस्तूवर उंचवटा येतो. साच्यात अक्षर कोरायचे असेल तर ते उलटे कोरावे लागते, तेव्हा ते वस्तूवर सुलटे उमटते.

आपल्या घरी मोदकाचा साचा असतो. खव्याचा मोदक त्यात लगेच होतो. आपल्या जिल्ह्यात भूमकडचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध आहे. चकलीच्या सोऱ्याला पण लोक साचा म्हणतात. पण त्यात पीठ घट्ट होत नाही, नुसते दाबून बाहेर येते. म्हणून मी तो यात धरला नाही. आई म्हणाली धर, पण मी नाही धरला.

सगळ्यात चांगला साचा गाठीचा. पाडव्याला गुढीला आपण साखरेची गाठी बांधतो, ती लाकडी साच्यात होते. आमच्या घरी आजीचा सागवानी साचा आहे. त्याला दोन फळ्या आहेत. दोन्हीत अर्धी अर्धी पदके कोरलेली आहेत. साचा आधी पाण्यात भिजत घालतात. मग खाचेतून दोरा ताणून ठेवतात आणि दोन्ही फळ्या एकमेकींवर घट्ट बांधतात. साखरेचा पाक करताना त्यात थोडे दूध टाकतात, म्हणजे मळी वर येते. ती झाऱ्याने काढली की पाक पांढरा होतो. आजी पाण्यात थेंब टाकून पाक बघते आणि म्हणते, “आता झाला बग.” मग वरच्या भोकातून पाक ओततात. थोड्या वेळाने साचा उघडला की गाठी दोऱ्यासकट निघते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि अंगावर पडला तर चिकटून बसतो. पोरांनी लांब उभे राहून बघावे. फुटकी पदके पोरांनाच मिळतात.

आता खरा प्रश्न असा आहे, की वस्तू साच्यात जाते, पण बाहेर कशी येते? आत चिकटून बसली तर काय उपयोग? लाकडी साचा भिजवलेला असतो म्हणून साखर त्याला धरत नाही. शिवाय खड्डे वर रुंद आणि आत निमुळते कोरलेले असतात. आत रुंद कोरले तर पदक अडकेल आणि मोडेल.

आमच्या गुरुजींनी आम्हाला तेरला सहलीला नेले होते. तेर आपल्याच जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. संत गोरोबाकाका तिथलेच. तेरचे जुने नाव तगर. पेरिप्लस नावाचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक भाषेतले पुस्तक आहे, त्यात पैठण आणि तगर ही दोन्ही नावे आहेत. तिथून गाड्यांतून कापड भडोचला जायचे आणि पुढे जहाजाने परदेशी. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यात सातवाहन काळातल्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. काही तांबड्या, काही पांढऱ्या मातीच्या. बायकांच्या केसांची वळणे, गळ्यातले दागिने सगळे बारीक दिसते. मला वाटले हाताने कोरले असेल. पण गुरुजी म्हणाले, बाजूने बघ. बाजूने बघितले तर पुढचा भाग आणि मागचा भाग जोडल्याची रेघ दिसते. म्हणजे दोन भागांचा साचा! आजीच्या गाठीच्या साच्यासारखाच.

त्या मूर्ती आतून पोकळ आहेत. साचा भाजलेल्या मातीचा असायचा. ओली माती पुढच्या आणि मागच्या साच्यात पातळ दाबायची आणि दोन्ही भाग जोडायचे. भाजलेला साचा ओल्या मातीतले पाणी शोषून घेतो. पाणी गेले की माती आकसते आणि आपोआप सुटते. नंतर मूर्ती भट्टीत भाजायची. पोकळ असल्यामुळे माती कमी लागते आणि भाजताना तडकत नाही. चाकावर मडके होते, पण माणसाचा चेहरा होत नाही. म्हणून साचा लागला.

आता नवीन साचा आला आहे, तो सिलिकॉनचा. माझ्या आत्याने पुण्याहून आणला. रबरासारखा मऊ आहे. वाळूत जे सिलिकॉन असते त्याच्यापासून तो कारखान्यात करतात. तो वाकतो, म्हणून वस्तू सुटते. हत्तीची सोंड लाकडी साच्यात अडकेल, पण हा साचा कातड्यासारखा सोलून काढता येतो. आईने त्यात रव्याचा केक केला. कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर साचा. साचा मऊ असल्यामुळे आधी ताटलीवर ठेवून मगच पीठ ओतावे, नाहीतर उचलताना सांडते. सरळ जाळावर ठेवू नये, जळतो. आत सुरी चालवू नये.

अशा साच्यात मेणबत्ती, साबण, प्लास्टरचे गणपती पण होतात. पण खाण्याचा साचा वेगळा आणि या कामाचा वेगळा ठेवावा. एकदा प्लास्टर ओतलेल्या साच्यात परत केक करू नये. प्लास्टर पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना तापते. त्यात हात बुडवून ठेवू नये, चांगलाच भाजतो. मेण मोठ्या माणसांनी वितळवावे.

आईने रबरी साच्यात गाठी करून बघितली. पदक लगेच निघाले, पण एका बाजूने सपाट झाले आणि दोरा मधोमध राहिना, वर आला. कारण हा साचा एकाच भागाचा आहे. आई म्हणाली, “तरी धुवायला बरा आहे, लाकडी साच्याला कीड लागली, चुलीत घाल.” आजी काही बोलली नाही, साचा पदराने पुसत बसली. अण्णांनी दोन गावांत विचारले, पण तसा साचा कोरून देणारा सुतार मिळाला नाही. मग अण्णांनी साच्याला कडुलिंबाचे तेल लावून उन्हात ठेवला. पाडव्याच्या आधी तो गरम पाण्याने घासून घेणार आहेत.

तो साचा गुरुजींच्या टेबलावर बघायला ठेवला आहे. दोन्ही फळ्या उघडून बघा, डाव्या फळीत खालून तिसरे पदक मोराचे आहे. तुमच्या घरी माळ्यावर असा साचा असेल तर जाळू नका, शाळेत आणा. आम्ही त्यात मातीचा ठसा घेऊन बघणार आहोत. शनिवारी परत न्यायचा.