कच्चे सॉफ्टवेअर आणि रोजचा हिशेब

हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर कोणी स्वस्तात देऊ केले की आपले व्यापारी बंधू दोनच गोष्टी विचारतात : किंमत किती आणि शिकायला दिवस किती लागतील? ते पुरते पिकले आहे काय, हे विचारायचे राहून जाते. या लेखात आम्ही तेवढाच प्रश्न घेत आहोत.

नावापुढच्या पाटीवर फार विसंबू नये. जीमेलवर २००४ पासून २००९ पर्यंत 'बीटा', म्हणजे चाचणीतले, अशी पाटी होती आणि तरीही असंख्य लोकांचा पत्रव्यवहार त्यावर सुरळीत चालला. उलट विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ मधील सुधारणा तयार माल म्हणून आली आणि काही ग्राहकांच्या फायलीच पुसून गेल्या. कंपनीला काही दिवसांतच तिचे वाटप थांबवावे लागले. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी ही तक्रार आधीच कळविली होती, पण तक्रारी थोड्या म्हणून ती मागे पडली. म्हणून दोष किती आहेत हे मोजण्यापेक्षा दोष कसला आहे हे पाहावे. छपाई वाकडी येणे सोसता येते, नोंद नाहीशी होणे सोसता येत नाही.

बंद पडणारे सॉफ्टवेअर निदान आपले दुखणे सांगते. मुकाट्याने चुकीचा आकडा देणारे त्याहून वाईट. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' ही प्रणाली बसविली. तिच्यातील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. शाखाचालकांनी पदरचे पैसे भरले, ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. यंत्राचा आकडा ताडून पाहण्यासाठी त्या चालकांच्या हाती दुसरे साधन नव्हते, ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

ते साधन आपल्याकडे आहे : रोजकीर्द. निदान एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालवावेत आणि रोज रात्री गल्ल्यातील रोकड दोहोंशी ताडावी. सरळ बिले तर कोणतेही सॉफ्टवेअर करते. परत आलेला माल, अर्धी उधारी, चुकून दोनदा झालेले बिल, यांवर त्याची परीक्षा घ्यावी. बिल करता करता वीज गेली तर काय उरते, हेही पाहावे (आपल्याकडे त्यासाठी मुद्दाम वाट पाहावी लागत नाही!). बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये, तो दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा असे विक्रेत्याला सांगावे.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. बनविणारा तोवर धंद्यात राहील की नाही कोण सांगणार? तेव्हा सर्व नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये बाहेर काढता येतात काय, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. आणि सुरुवात मार्चअखेरीस किंवा ईदच्या आधीच्या गर्दीत करू नये. त्या दिवसांत ताळा जुळवायला फुरसत कोणाला असते?