शेतकऱ्याचा हिशेब

सर्व पर्याय तोलून सर्वाधिक लाभाचा निवडावा, हा आदर्श हिशेब. चांगल्या पावसात एकटी कपाशी अधिक पैसा देईल असे दिसत असताही कोरडवाहू शेतकरी तीत तुरीच्या ओळी घेतो. त्यास अडाणी म्हणणे योग्य नव्हे. सरासरी अनेक वर्षांची असते. पोट याच वर्षी भरावयाचे असते. मनुष्य सर्वोत्तम शोधीत न बसता पुरेसे ते निवडतो, असे हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडले. मात्र गतवर्षीचा भाव पाहून कांद्याची लागवड वाढविणे ही चूकच होय. इतरांनीही तोच भाव पाहिलेला असतो! विस्तार कार्यकर्त्याने नवे बियाणे सुचविताना केवळ सरासरी उत्पन्न सांगू नये. पावसाने ओढ दिल्यास हाती काय उरेल, तेही सांगावे व प्रथम थोड्या क्षेत्रावरच पेरावयास लावावे.