उतारा काय सांगतो?

मुलांनो, भाषेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असतो, की त्याचे उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापलेले असते. त्यासाठी पाठांतर करावे लागत नाही की नियम आठवावे लागत नाहीत. तरीसुद्धा पुष्कळ मुलांचे गुण याच प्रश्नात जातात. हा प्रश्न म्हणजे उताऱ्यावरील प्रश्न. उत्तर डोळ्यांसमोर असून ते का सापडत नाही, हे आज आपण दोन उतारे घेऊन पाहू. पहिला उतारा माहितीचा आहे. प्रश्नांकडे न वळता तो आधी शांतपणे वाचा.

“बुलढाणा जिल्ह्यात लोणार या गावाजवळ एक प्रचंड वाटोळे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. सभोवतालचा सर्व खडक काळा बेसाल्ट आहे. हा खडक लाव्हारस थिजून तयार होतो. म्हणून हे विवर एखाद्या ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक अभ्यासक मानीत. परंतु विवरातील खडकांचे नमुने तपासताना त्यांत मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ आढळला. हा पदार्थ ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. फार मोठा आघात होऊन खडकावर एकाएकी प्रचंड दाब पडला म्हणजे तो तयार होतो. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि विवर उल्कापाताने झाले असल्याचे ठरले. पुढे २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्या पाण्याचे नमुने तपासण्यात आले. उन्हाने पाणी आटून त्याचा खारेपणा वाढला होता आणि अतिखारट पाण्यात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव त्यात बळावले होते, असे दिसून आले.”

विवर कोणत्या जिल्ह्यात आहे, त्याचा व्यास किती, यांसारखे प्रश्न सोपे असतात. योग्य ओळ सापडली की काम झाले. तेथेही एक काळजी घ्यावी. उताऱ्यात ‘सुमारे १.८ किलोमीटर’ असे आहे. उत्तरातून ‘सुमारे’ हा शब्द गळला, तर लेखकाने जे अंदाजे सांगितले ते आपण मोजून सांगितल्यासारखे होते. शब्द लहान, पण त्याच्यावाचून विधान बदलते.

आता हा प्रश्न पाहा : ‘लोणारचे विवर कशामुळे झाले?’ एका मुलाने लिहिले, ‘लोणारचे विवर म्हणजे ज्वालामुखीचे मुख होय.’ हे शब्द उताऱ्यात आहेत, हे खरे. मग चूक कोठे झाली? प्रश्नातील ‘विवर’ हा शब्द उताऱ्यात जेथे प्रथम भेटला तेथेच त्याने लेखणी उचलली. पुढच्याच वाक्याच्या आरंभी ‘परंतु’ उभा आहे, तो त्याने पाहिला नाही. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘तरी’ हे शब्द दिसले, की वाट वळली असे समजावे. मागे सांगितलेले आता लेखक बदलणार किंवा मर्यादित करणार असतो. शिवाय लेखकाने ‘असावे, असे मानीत’ असे म्हटले होते. मुलाने त्याचे ‘होय’ करून टाकले.

याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर मोठे मनोरंजक होते. त्या मुलीने लवणासुराची कथा लिहिली होती. लवणासुर नावाचा दैत्य लोकांना फार पीडा देई, तेव्हा विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले, ही कथा लोणारला सांगतात. दैत्यसूदनाचे एक सुंदर प्राचीन मंदिरही त्या गावी आहे. मुलीने ती कथा आजीकडून ऐकली होती आणि ती चांगल्या भाषेत लिहिलीही होती. तिला गुण मिळाले नाहीत, याचे शिक्षकांना वाईट वाटले. परंतु प्रश्न उताऱ्यावर होता, आणि उताऱ्यात लवणासुर कोठेच नाही. ‘या स्थळाविषयी तुम्हांला ठाऊक असलेली कथा सांगा’ असा प्रश्न असता, तर तिचेच उत्तर सर्वांत सरस ठरले असते.

आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट अशी मध्ये येते. ‘ही उल्का किती वर्षांपूर्वी पडली?’ असे विचारले तर काय लिहाल? एकाने दुसऱ्या पुस्तकात वाचले होते, सुमारे ५२,००० वर्षे. दुसऱ्याने वाचले होते, सुमारे ५,७०,००० वर्षे. दोघेही खोटे बोलत नव्हते. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले हे दोन्ही अंदाज शास्त्रज्ञांनीच मांडलेले आहेत. पण आपल्या उताऱ्यात काळाचा उल्लेखच नाही. येथे ‘उल्का केव्हा पडली हे उताऱ्यात सांगितलेले नाही’ हेच बरोबर उत्तर होय. असे लिहिताना मुलांना भीती वाटते. जागा रिकामी सोडल्यासारखे त्यांना वाटते. वास्तविक ज्याने उतारा शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आहे, तोच असे लिहू शकतो.

या उताऱ्यावरील सर्वांत कठीण प्रश्न असा : ‘ज्वालामुखीचा तर्क कशामुळे मागे पडला?’ बहुतेक जण लिहितात, ‘कारण खडकांत मॅस्केलिनाइट सापडला.’ हे अर्धे उत्तर झाले. एखादा पदार्थ सापडला, एवढ्याने तर्क का पडावा? त्यासाठी पुढचे वाक्य जोडावे लागते. तो पदार्थ ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही, प्रचंड आघाताच्या दाबाने होतो. आणि तो या विवरात आढळला. ही दोन्ही वाक्ये एकत्र आली, म्हणजे ‘कशामुळे’चे उत्तर पुरे झाले.

आता दुसरा उतारा वाचा. हा एका गोष्टीतला आहे.

“गाडी वळणाआड गेली. मागे उठलेला धुरळा हळूहळू खाली बसला. रस्ता पुन्हा स्वच्छ दिसू लागला, तरी दामू पिंपळाखाली तसाच उभा होता. बापूंनी जाताना दिलेली रेवड्यांची पुडी त्याने मुठीत घट्ट धरली होती. इतक्यात पाण्याची कळशी घेऊन गोदी तिकडून आली. क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, ‘दादा, रडतोस का रे?’ ‘छे! डोळ्यांत धूळ गेली,’ असे म्हणून दामूने तोंड फिरवले आणि पुडी तिच्यापुढे धरली. ‘घे, तू खा सगळ्या. मला नाही आवडत रेवड्या.’ गोदी पाहतच राहिली. गेल्या जत्रेत रेवड्यांसाठी हटून बसलेला दामू तिला आठवत होता.”

दामूच्या मुठीत काय होते, हे कोणीही सांगेल. पण ‘दामूच्या डोळ्यांत पाणी का आले?’ या प्रश्नापाशी वर्गात दोन तट पडले. निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘धूळ गेल्यामुळे.’ त्यांनी पुस्तक उघडून ओळही दाखवली. ओळ तेथे होतीच. मात्र ती दामूने उच्चारलेली होती, लेखकाने स्वतः सांगितलेली नव्हती. माहितीच्या उताऱ्यात बोलणारा बहुधा एकच असतो. गोष्टीत तसे नसते. तेथे माणसे बोलतात. ती कधी थट्टा करतात, कधी काही लपवतात, तर कधी दुसऱ्याला बरे वाटावे म्हणून भलतेच सांगतात. म्हणून गोष्टीतील उत्तर लिहिण्यापूर्वी ‘हे कोण म्हणाले?’ असे स्वतःला विचारावे.

दामू लपवीत होता, हे कशावरून? शिक्षकांच्या टिपणात एक पुरावा लिहिलेला होता, तो जत्रेचा. ज्याने रेवड्यांसाठी हट्ट धरला, त्यालाच आज त्या आवडत नाहीत. तेव्हा तो मनातले बोलत नाही, हे उघड आहे. शिक्षक हे फळ्यावर लिहीत होते, तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, धूळ तर आधीच खाली बसली होती.”

गुरुजींचा खडू थांबला. त्यांनी उतारा पुन्हा वाचला. ‘मागे उठलेला धुरळा हळूहळू खाली बसला. रस्ता पुन्हा स्वच्छ दिसू लागला.’ गोदी आली ती त्यानंतर. मग धूळ डोळ्यांत जाणार कोठून? हा पुरावा टिपणात नव्हता. गुरुजींनी तो फळ्यावर सर्वांत वर लिहिला आणि जत्रेचा पुरावा त्याच्या खाली घेतला. उताऱ्यात ‘दुःख’, ‘वाईट’, ‘विरह’ यांपैकी एकही शब्द नाही. तरी दामूला बापूंचे जाणे लागले आहे हे आपण खात्रीने सांगू शकतो, कारण आपल्या हाती अशा ओळी आहेत. ओळ दाखवता येत नसेल, तर आपले म्हणणे कितीही सुंदर असले तरी ते दामूचे नसून आपलेच असते.

त्याच वर्गात एका मुलाने लिहिले होते, ‘दामूचे वडील नोकरीसाठी मुंबईला गेले.’ तो मुलगा दामूविषयी इतका कळवळून बोलत होता, की त्याला थांबवणे कोणालाच बरे वाटेना. पण बापू हे दामूचे वडील, आजोबा की थोरले बंधू, हे उतारा सांगत नाही. ते कोठे गेले, कशासाठी गेले, हेही सांगत नाही. ‘बापू बहुधा दामूचे वडील असावेत’ असे लिहिले असते तर चालले असते, कारण त्यात अंदाज हा अंदाज म्हणूनच दिसतो. त्या मुलाने हे मान्य केले. मग तो हळूच म्हणाला, “आमचे बाबा असेच गेले होते.” गुरुजींनी त्याला आपल्याजवळ बसवून घेतले. त्याच्या वहीत त्यांनी लिहिले : ‘हे उत्तर उताऱ्याचे नाही. पण ही गोष्ट तुझी आहे. निबंधाच्या तासाला ती अवश्य लिही.’

स्वाध्याय

१. सरोवराचे पाणी गुलाबी का दिसू लागले? दोन कारणे एकमेकांना जोडून आपल्या शब्दांत लिहा. उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उतरवू नका.

२. पहिल्या उताऱ्यात ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ हे शब्द कोठे आले आहेत? प्रत्येकाच्या आधी काय सांगितले आहे व नंतर काय, ते लिहा.

३. दामूने रेवड्यांची पुडी गोदीला का दिली असावी? तुमच्या उत्तराला आधार असलेली ओळ दाखवा.

४. खालीलपैकी कोणत्या गोष्टी दुसऱ्या उताऱ्यात सांगितलेल्या नाहीत? (अ) गोदी कळशी घेऊन आली. (आ) बापू रात्री परतणार होते. (इ) पुडी बापूंनी दिली होती. (ई) दामू गोदीचा सख्खा भाऊ होता.

५. गोदीच्या जागी तुम्ही असता तर पुडी घेतली असती काय? हे उत्तर मात्र उताऱ्यात शोधू नका.