त्रिरश्मी लेण्यांपासून समुद्रतळापर्यंत

नाशिक हे गोदाकाठचे शहर. समुद्र येथून घाटापलीकडे. त्यामुळे महासागराचा शोध हा विषय आपल्या विद्यार्थ्यांना परका वाटतो. आम्ही इतिहास शिकविताना मात्र त्याची सुरुवात त्रिरश्मी लेण्यांपासून करतो. लेणे क्रमांक १० मधील उषवदाताच्या शिलालेखात दमणा, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याची नोंद आहे. शोर्पारग, म्हणजे आजचे सोपारे, या बंदराचाही त्यात उल्लेख येतो. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी हे लेणे कोरले जात असताना देशावरचा व्यापार घाट उतरून समुद्राशी जोडलेला होता.

‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथातील पूर्ण हा याच सोपाऱ्याचा. दासीच्या पोटी जन्मलेला हा तरुण समुद्रमार्गे व्यापार करून नावारूपास आला व पुढे भिक्षू झाला. कथेतील चमत्कार बाजूस ठेवले तरी सागर ओलांडणाऱ्यास तेथे मान होता, हे स्पष्ट दिसते. याउलट बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतनाच्या कारणांत केली. पुढे ही बंदी दृढ होत गेली. कोळी, गाबीत, खारवी पिढ्यान्‌पिढ्या वारे, प्रवाह आणि भरती-ओहोटी ओळखीत राहिले. परंतु त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना सागर वर्ज्य होता. अनुभव आणि विद्या यांची ही फारकत आपल्या सागरी ज्ञानास महागात पडली, असे आमचे मत आहे.

आधुनिक महासागरशास्त्राचा पाया ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात घातला. त्या वेळी वजन बांधलेला दोर तळापर्यंत सोडून खोली मोजत. एकेका मोजमापास तास लागत. विसाव्या शतकात दोराची जागा ध्वनीने घेतली. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर धावतो. जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आपटून ८ सेकंदांनी परतला, तर जाण्यास ४ सेकंद लागले. म्हणजे खोली ६,००० मीटर. सातवीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित सोडविता येते.

भारतीयांना या विद्येची मोठी संधी १९६० ते १९६५ दरम्यानच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने दिली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. १९७६ मध्ये तिला ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज मिळाले. मुळात गाळ वाहणाऱ्या बार्जचे रूपांतर करून ते तयार केले होते. याच जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातू गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढेच वाढतात. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताच्या वाट्यास आले. त्यापैकी पुढे ७५,००० चौरस किलोमीटर राखण्यात आले.

तेथे पोहोचण्यातील मुख्य अडचण दाबाची. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ६,००० मीटरवर तो सुमारे ६०० पट होतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे मानवरहित ‘रोसब ६०००’ हे यान २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत उतरले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल महासागर मोहिमेत तिघांना ६,००० मीटर खाली नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ची योजना आहे. माणसे बसतील तो टायटॅनियमचा गोल अवघा २.१ मीटर व्यासाचा. दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जावा, म्हणून आकार गोल.

हे गोटे उपसावेत का, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही. लक्षावधी वर्षांत घडलेला तळ एकदा खरवडला, तर तेथील जीवसृष्टी सहज परतणार नाही. मच्छीमार समाजाचे जीवनही समुद्राच्या आरोग्यावर अवलंबून आहे. अशा निर्णयाच्या वेळी खलाशाचा अनुभव आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप एकत्र बसले पाहिजे.

म्हणूनच पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. विज्ञान शाखेच्या पदवीनंतर गोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी सागरी विज्ञानाचा अभ्यास करता येतो. वसतिगृहातील मुलांना हा मार्ग आहे, एवढे तरी आपण सांगावे. बाबासाहेब १९१३ मध्ये विद्येसाठी समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या वाटेने निघालेल्या मुलांपैकी कोणी आता समुद्राच्या तळाचाही अभ्यास करावा, ही आमची अपेक्षा आहे.