लाव्याच्या पिलांची पिसे का गळतात?

(निरीक्षण पाठ : परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी व ५ वी)

ज्वारी-तुरीच्या शेतातून भुर्रकन उडणारा लावा वऱ्हाडातील मुलांच्या परिचयाचा आहे. हा रानलावा धरणे वा पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे, हे पाठाच्या आरंभीच स्पष्ट करावे. घरी पाळला जातो तो जपानी लावा. हा पक्षी १९७४ साली उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणण्यात आला व पुढे देशभर पसरला.

पिलू तीन-चार आठवड्यांचे झाले की खुराड्यात पिसे पडलेली दिसतात. ‘गुरुजी, माझे पिलू मरणार का?’ असे मूल विचारते. घरची मंडळी घाबरून पिलाला रॉकेल किंवा तेल चोळतात; त्यामुळे उरलेली पिसे चिकटून अंगातील ऊब जाते, चोचीने पिसे साफ करताना ते पोटातही जाते, आणि आपोआप सुधारणारे पिलू उपचारानेच दगावते. सबब उपायापूर्वी निरीक्षण, हाच या पाठाचा उद्देश होय.

विषयविवेचन : अंड्यातून सुमारे १७-१८ दिवसांनी बाहेर येणाऱ्या पिलाच्या अंगावर केवळ पट्टेदार लव असते. काही दिवसांतच पंखांवर पिसे फुटू लागतात व लव झडते. पहिली पिसेही कायमची नसतात; दुधाचे दात पडून पक्के यावेत, तशी ती गळून नवी येतात. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून नराची छाती तांबूस व मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची दिसू लागते.

पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचे बनलेले असते. पिलांच्या खाद्यात सुमारे २५ टक्के प्रथिने लागतात. ज्वारीत ती केवळ १० टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणून नुसत्या ज्वारीच्या कणीवर वाढलेल्या पिलाची पिसे विरळ व ठिसूळ राहतात.

स्वाभाविक गळती कशी ओळखावी? दोन्ही बाजूंची पिसे सारखीच गळतात. उघड्या जागी नव्या पिसांचे बारीक कोंब दिसतात. कातडी स्वच्छ असते आणि पिलू नेहमीप्रमाणे खाते-पिते. अशा वेळी औषध नको.

पाठीवर वा शेपटीजवळ एकाच जागी पिसे उपटलेली व रक्त आलेले असेल, तर पिले एकमेकांस टोचत आहेत असे समजावे. दाटी, प्रखर उजेड व निकृष्ट खाद्य ही त्याची प्रमुख कारणे होत. जखमी पिलू वेगळे ठेवावे व इतरांस जागा वाढवून द्यावी. केवळ डोक्यावरील पिसे गेली असतील, तर खुराड्याचे छत पाहावे. लावा दचकला की सरळ वर उसळतो व छतावर आपटतो. तेथे आतून मऊ कापड ताणून बांधावे. पिसांच्या मुळाशी उवा वा गोचिडांसारखे बारीक किडे दिसल्यास, किंवा पिलू मलूल होऊन खाणे सोडत असल्यास, नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

पिसे बदलताना पिलास थंडी लवकर बाधते. हिवाळ्याच्या रात्री खुराडे वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावे. अंग घुसळण्यास कोरडी बारीक वाळू द्यावी. कोंबांत रक्त असते, म्हणून पिलास वारंवार हाती धरू नये. धरल्यास नंतर साबणाने हात धुवावेत.

वर्गातील कार्य : पक्षी शाळेत आणण्याची आवश्यकता नाही. ज्याच्या घरी लावे वा कोंबडीची पिले असतील त्याने तीन आठवडे दर रविवारी नोंद करावी : पिसे कोठे गळली, कोंब कोठे आले, खाद्य कोणते दिले. शिक्षकांनी उत्तर घाईने सांगू नये. नोंदी फळ्यावर मांडाव्यात आणि ‘हे पिलू आजारी आहे काय?’ याचा निर्णय मुलांकडून कारणांसह घ्यावा. पाहिल्यावाचून उपाय करू नये, ही सवय पिलापुरती राहत नाही. पुढे शेतातील पिकावर रोग दिसला तरी तीच उपयोगी पडते.

स्वाध्याय :
१. लव आणि पीस यांत कोणता फरक दिसतो?
२. नुसती ज्वारी पिलास का पुरत नाही?
३. टोचल्याने गेलेली पिसे कशी ओळखाल?