प्रार्थनेची सक्ती आणि विवेकाचे स्वातंत्र्य

प्रश्न : आम्ही निरीश्वरवादी आहोत. मुलीच्या अनुदानित शाळेत प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती होते. इलाज काय?
— एक पालक, मंडणगड

उत्तर : ज्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यात आहे, त्या डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) अन्वये, सरकारी तिजोरीतून अनुदान घेणाऱ्या शाळेस अज्ञान विद्यार्थ्यावर, पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण वा उपासना लादता येत नाही. प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या शिक्षकास वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली गेली, तेव्हा २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग ठरविली. मुलीस शिक्षा म्हणून वेगळे उभे करणे हाही माझ्या मते जाचच होय. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी; दाद न लागल्यास जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार गुदरावी.