पावती घेतली का?

(वस्तू विकत घेताना ग्राहकाने कोणती काळजी घ्यावी, ते या संवादातून समजून घेऊ या.)

सलमा : मामू, अब्बा संगणक घेणार आहेत. डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप?

मामू : तो कुठे वापरणार, ते आधी सांग.

सलमा : घरीच. मी आणि भाईजान, दोघे अभ्यासासाठी वापरू.

मामू : मग डेस्कटॉप चांगला. तेवढेच काम करणारा डेस्कटॉप बहुधा लॅपटॉपपेक्षा स्वस्त मिळतो. कळफलक बिघडला, तर तेवढाच बदलता येतो.

सलमा : पण आमच्याकडे वीज वारंवार जाते.

मामू : वीज गेली की डेस्कटॉप लगेच बंद पडतो. त्यासाठी यूपीएस घ्यावा लागतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. म्हणून यूपीएसची किंमत धरून दोन्हींचा हिशोब करा.

सलमा : खालूंचा लॅपटॉप चौथ्याच महिन्यात बंद पडला. वॉरंटी एक वर्षाची होती. तरी दुकानदार पैसे मागतो.

मामू : वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत बिघाड झाल्यास वस्तू दुरुस्त करून देण्याची हमी. लॅपटॉप पडला किंवा त्यावर पाणी सांडले होते का?

सलमा : नाही. पण त्यांच्याकडे पावती नाही. पावती घेतली नाही, तर स्वस्त देतो, असे दुकानदार म्हणाला होता.

मामू : तिथेच ते फसले! पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये तसे म्हटले आहे. त्यांनी पैसे कसे दिले होते?

सलमा : बँकेतून.

मामू : मग ती नोंद पुरावा म्हणून दाखवता येईल. वॉरंटी कार्ड आणि खोकेही जपून ठेवायला सांग. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

सलमा : तरीही काम झाले नाही तर?

मामू : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे, असेही नाही.

सलमा : मी आजच खालूंना सांगते. आणि अब्बांना पावती घ्यायला लावते!

शब्दार्थ
हमी – जिम्मेदारी, भरोसा
अनुचित – अयोग्य
दाद मिळणे – तक्रारीची दखल घेतली जाणे
शुल्क – फी

स्वाध्याय
1. वीज वारंवार जात असेल, तर डेस्कटॉपसोबत काय घ्यावे लागते?
2. खालूंनी कोणती चूक केली?
3. तुमच्या घरातील एका वस्तूचे वॉरंटी कार्ड वाचा. मुदत केव्हा संपते, ते लिहा.